बेटावरची भरती

१

पियुष समुद्रात वाहून गेला आणि त्याचे कपडे कोरडे घरी आले.

यात काहीतरी खुपतंय असं उन्हाळाभर कुणाला वाटलं नाही. मला वाटलं, कारण मी संशयी बाई आहे आणि त्याची मला लाज नाही. धुळ्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत माझी सारी नोकरी गेली. गाडी का आली नाही याची जितकी कारणं माणसाच्या डोक्यातून निघू शकतात तितकी मी ऐकली आहेत. टायर फुटलं म्हणणाऱ्याचे हात स्वच्छ दिसले की मी चहा मागवायची आणि म्हणायची, बस बाबा, आता खरं सांग.

भूमिका माझ्या नणंदेची मुलगी. तिचे आईवडील दोघंही गेलेले, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मीच. श्रावणातल्या त्या शनिवारी तिने फोनवर एवढंच म्हटलं, "मामी, लगेच पारोळ्याला ये." मी पिशवी उचलली आणि मिळेल ती गाडी धरली.

तिच्या सासरी दुसऱ्या दिवशीच्या कानबाईच्या सणाची गडबड चालली होती. कुणी भिंती पुसत होतं, कुणी तोरण बांधत होतं. त्या गोंधळात भूमिकाने मला आतल्या खोलीत ओढलं, कडी लावली आणि कपाटातून एक पिशवी काढली. पिशवीत तिच्या नवऱ्याचा, पियुषचा, निळा शर्ट आणि पँट होती. घडी अशी की दुकानातून आत्ता आणावी.

"पंडितभाऊंनी बेटावरून असंच आणून दिलं," ती म्हणाली. "मी धुतलं नाही. त्याचा वास आहे त्याला."

मी शर्ट उजेडात धरला. समुद्राचं पाणी कापडावर वाळलं की पांढरे चट्टे उठतात. इथे एकही नव्हता. "पियुष कपड्यांची घडी घालायचा?" मी विचारलं.

"कधीच नाही. ओला टॉवेल पलंगावर, शर्ट खुर्चीवर. त्यावरून तर आमची भांडणं." ती हसायला गेली आणि तिला हुंदकाच आला. "मामी, मंगळवारी पुतळा जाळणार आहेत."

देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात. एकदा ते झालं की माणूस देवाच्या आणि गावाच्या लेखी मेला. मग भूमिकाच्या बांगड्या फुटणार, मंगळसूत्र उतरणार. धुळ्याची शाळेतली नोकरी सासऱ्यांनी तिला आधीच सोडायला लावली होती. आता ती इथे सासूचे गुडघे चोळायची आणि सासऱ्यांना इन्सुलिन टोचायची.

"तो गेला असेल तर मी रडेन, जन्मभर रडेन," ती म्हणाली. "पण मला आधी खरं कळू दे. न कळता विधवा होऊ का मी?"

पियुषला फिरस्तीचे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायचा नाद होता. ग्रीस देशात लिथारा नावाचं एक चिमुकलं, निवांत बेट आहे. तिथे आपल्याकडचं कुणी जात नाही, म्हणून हा मे महिन्यात त्या बेटाचा एकेक किनारा पायी पालथा घालायला गेला. बरोबर दोघे होते. चुलतभाऊ पंडित, आणि कॅमेरा धरायला धुळ्याचा मित्र झैद. परत आले ते दोघेच. गावाने लगेच निकाल लावला की झैदनेच ढकललं. झैदने बेटाचे सगळे व्हिडिओ इंटरनेटवरून काढून टाकले, स्टुडिओला कुलूप घातलं, म्हणून तर संशय पक्का झाला. खरं सांगायचं तर माझाही त्याच्यावरच होता.

डोळे पुसून भूमिका चहा टाकायला निघाली. तिच्यामागून मी स्वयंपाकघरात गेले आणि उंबऱ्यातच थबकले.

२

मंदाबाई, म्हणजे भूमिकाची सासू, पाय लांब करून सुपाशी बसल्या होत्या. समोर पांढरं धोतर अंथरलेलं. कानबाईच्या रोटांचे गहू त्या मोजून काढत होत्या.

कानबाई ही आम्हा खान्देशातल्या लोकांची माय. रविवारी तिला घरात बसवायचं, सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायचं. तिचा रोट म्हणजे भाऊबंदकीचा घास, परक्याला त्यातला कण मिळत नाही. या घरात रोटासाठी गहू घ्यायची रीत ठरलेली आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव मनात घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू वेगळा ठेवायचा. जो आहे त्याची मूठ, जो गेला त्याची नाही. मायसमोर घराने दिलेली ही हजेरीच म्हणा.

"या लताबाई, बठा," त्या म्हणाल्या, पण नजर वर केली नाही.

मी बसले. घरात पुरुष कोण? मंदाबाईंचे मालक लोटननाना, त्यांचे धाकटे भाऊ रुपचंद, आणि रुपचंदांचा मुलगा पंडित. धोतरावर मात्र चार ढिगल्या होत्या.

"मंदाताई," मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा चौथा वाटा कुणाचा?"

त्यांचा हात सुपातच राहिला. मग एकदम त्यांनी चारही ढिगल्या एकत्र कालवल्या. "मायना शे," त्या म्हणाल्या. "कानबाईमायना."

चहा घेऊन आलेली भूमिका दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. परसात भांडी विसळताना ती कुजबुजली, "मायचा वाटा नसतो, मामी. गेल्या वर्षी मीच गहू घेतले होते. रोट खाणाऱ्याचाच वाटा असतो."

मी स्वतःला दटावलं. आईचं काळीज आहे, लता. पुतळा अजून जळायचा आहे, मुलगा गेला हे हाताला पटत नसेल. एवढंच असतं तर मी तिथेच विषय सोडला असता. पण आईचं काळीज असतं तर ती बाई रडली असती. म्हणाली असती, मना पियुषना शे, मना हात ऐकत नही. तिने ढिगल्या कालवल्या. दुःखाने नाही, घाईने.

आणि पुतळा मंगळवारीच का? पियुषला जाऊन अडीच-तीन महिने होत आले होते. लोटननानांचं म्हणणं, आधी विधी केला असता तर सुतक लागून साऱ्या भाऊबंदकीची कानबाई मोडली असती. बोलणं बिनतोड होतं. मला बिनतोड बोलण्याचीच भीती वाटते.

ओट्यावर पंडित बसला होता. मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी मांडली. तो माझ्यासाठी सरकला, आणि मग जरा जास्तच सरकला.

३

पंडित तिशीतला, गोरागोमटा, बोलायला गोड. पियुषच्या सावलीसारखा वाढलेला. बेटावर तो स्वयंपाकी म्हणून गेला होता, बिबड्या, शेव आणि ठेच्याचा डबा घेऊन.

"मामी, बठ्ठं सांगी व्हयनं मनं," तो म्हणाला. "आते कितला डाव सांगू?"

"मला नाही सांगितलंस. एकदा सांग, मग मी नाव काढणार नाही."

त्याने मान खाली घातली. "दुपारले आम्हीन तिसरा किनारावर गयथूत. डुमसले समुद्र कसा मांगे सरकी जास, तसाच तठेबी लांब गयथा. पियुष पुढे जाई खडकवर बठना. मी मांगे झाडखाले. मंग भरती उनी. पानी सरसर उनं, चारीमेरथून त्याले येढा पडना. मी हाका मारात, पन त्याले उतरता उनं नही. एक मोठी लाट उनी अन् गया."

तो डोळे पुसत होता. डोळे खरंच ओले होते, हे मी कबूल करते.

डुमस म्हणजे सुरतेजवळचा समुद्रकिनारा. खान्देशातल्या माणसाचा समुद्र तोच. रेल्वेत बसायचं, सुरतेला उतरायचं, डुमसला भजी खायची. ओहोटीला तिथलं पाणी कोसभर मागे जातं आणि भरतीला धावत येतं. मीही पाहिलंय. म्हणून पंडितची गोष्ट ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला.

"आणि कपडे?"

"गरमी व्हती. काढी ठेवात त्यानी मनाजोडे."

"म्हणजे कपडे काढून, घडी घालून, तो खडकावर जाऊन बसला?"

"घडी मी करी. नंतर."

"बरं. पासपोर्ट? तो तर कपड्यांत आला नाही."

पंडित थांबला नाही. उत्तर तयारच होतं. "तो कंबरना पाऊचमा व्हता. परदेशमा पासपोर्ट अंगवरथून उतारना नही, आसं झैदच सांगे. त्यानासंगेच गया तो."

"झैद कुठे होता तेव्हा?"

इथे मात्र तो अडखळला. चौकशीच्या खिडकीत मी शिकले ते हेच, की पाठ केलेल्या रस्त्यावर गाडी जोरात जाते, आणि आडवाटेला लागली की गचके खाते. "तो... तो तठेच व्हता कथातरी. कॅमेरा लई. त्याले माहीत. मी कसाले कोनावर आळ लेऊ?"

आळ घेत नाही म्हणत म्हणत त्याने तो घेतला होता. मी उठले तसा तोही उठला आणि फाटकापर्यंत आला.

"मामी," तो हळूच म्हणाला, "झैदकडे जाऊ नका बरं का. तो मानूस चांगला नही. तुमले काहीबाही सांगी."

उद्या सकाळी कुठे जायचं ते त्यानेच मला सांगून टाकलं.

४

झैदचा स्टुडिओ धुळ्यात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. नूर महंमद जुने शिंपी, साऱ्या गल्लीची पोरं त्यांच्या मापाच्या कपड्यांत वाढलेली. त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि त्या अर्ध्यात स्वतः उभे राहिले.

"पारोळ्याहून आलात? मग आणखी काय विचारायचं राहिलंय?" ते म्हणाले. "माझ्या पोराला लग्नाची कामं मिळत नाहीत. लोक म्हणतात, हा मित्राला घेऊन जातो आणि परत आणत नाही. ज्याला मी लहानपणी मांडीवर बसवून शर्ट शिवून दिला, त्या पियुषसाठी आम्ही या घरात चूल पेटवली नव्हती, बाई. ते कुणी पाहिलं नाही."

मी म्हणाले, "म्हणूनच आले, भाई. मला त्याला ऐकायचंय. त्याच्यावर ओरडायचं नाही."

 मग त्यांनी दार पूर्ण उघडलं.

झैद आत बसला होता, दाढी वाढलेली, पडदे ओढलेले. माझा संशय अजून पुरता गेला नव्हता. मी सरळ विचारलं, "व्हिडिओ का काढून टाकलेस?"

"व्हिडिओखाली लोक मला खुनी लिहीत होते, काकू. ते भूमिकावहिनी वाचतील, म्हणून काढले. माझ्याकडे आहेत सगळे."

"बेट कसं आहे ते सांग."

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. त्याचा चेहराच बदलला. तो सांगू लागला. गाव म्हणजे टेकडीवरची चार पांढरी घरं. खाली उतरलं की किनारे, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एक नुसता गोट्यांचा, चाललं की मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. एक लाल मातीचा, आपल्या बरड रानासारखा. तिसरा इतका लहान की दोन बैलगाड्या उभ्या केल्या तर भरून जाईल. त्या तिसऱ्याला झाऊची झाडं होती, चुन्याने रंगवलेली होडीची पायरी होती आणि दुपारी उतरणाऱ्या शेळ्या होत्या. माणूस नाही, दुकान नाही. पियुष तिथे तासन्तास बसायचा. म्हणायचा, इथे मला कुणी ओळखत नाही, किती बरं वाटतं.

"तो गेला त्या दिवशी तू कुठे होतास?"

"खोलीत. पंडितभाईचा ठेचा खाऊन पोट बिघडलं होतं माझं. तो किनारा टेकडीच्या पलीकडे, मी तिथे नव्हतोच. हेच सांगायला पारोळ्याला गेलो, तर लोटननानांनी दारातूनच चप्पल उगारली."

"मग तुला काय कळलं, आणि कुणाकडून?"

"पंडितभाई धावत वर आले. म्हणाले, पियुष पोहायला गेला, आत आत गेला, परत आलाच नाही. तिथल्या पोलिसांनाही तेच सांगितलं. त्यांनी बोटी लावून शोधलं बिचाऱ्यांनी."

"पोहायला?" मी ताठ बसले. "पियुष?"

पियुष पाण्याला किती भ्यायचा ते पारोळ्यात पोरंसोरंही सांगतील. लहानपणी विहिरीत पडला होता, तेव्हापासून पोहरा ओढायलाही काठाशी जायचा नाही.

"मलाही नवल वाटलं," झैद म्हणाला. "पण तिथे तो रोज कमरेएवढ्या पाण्यात हातपाय मारायचा, शिकतोय म्हणायचा. वाटलं, जोशात पुढे गेला असेल."

"आणि पासपोर्ट? पोहताना बरोबर होता?"

"चड्डीवर पोहणारा माणूस पासपोर्ट कशाला नेईल, काकू? तो खोलीत पिशवीत असणार. त्याची पिशवी पंडितभाईंनी आवरली."

मी शेवटचा प्रश्न विचारला. "आणि मग ती भरती आली, ती केव्हा?"

झैदने मलाच विचारलं, "कुठली भरती?"

५

मी पंडितची गोष्ट त्याला शब्दाला शब्द सांगितली. डुमससारखा मागे गेलेला समुद्र, धावत आलेलं पाणी, खडकाला पडलेला वेढा. झैद उठला आणि त्याने संगणक लावला.

"हा तोच तिसरा किनारा," तो म्हणाला. "आदल्या दिवसाचा. मी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून दिला होता, उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत. सबंध दिवस दोन मिनिटांत पळतो."

पडद्यावर दिवस पळू लागला. झाऊच्या सावल्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेल्या. शेळ्या आल्या, बसल्या, निघून गेल्या. पियुष आला, वाळूत आडवा झाला, उठला. ऊन पांढरं झालं, पिवळं झालं, विझलं. आणि चुन्याच्या पायरीशी पाणी सकाळी जिथे होतं तिथेच संध्याकाळी होतं.

"पुन्हा लाव," मी म्हणाले. पुन्हा तेच. लाटा पायरी चाटून जात होत्या, पण समुद्र काही जागचा सरकला नाही.

"तिथला समुद्र असाच आहे, काकू. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. पाणी चढलं-उतरलं तर फार तर वीतभर. कोसभर मागे जाणं आणि धावत येणं, ते आपल्या डुमसला."

नूर महंमद दारात उभे राहून ऐकत होते. "मग पोरानं समुद्र खोटा सांगितला," ते म्हणाले, "आणि शिव्या माझ्या घराला पडल्या."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी एकेक धागा ओढला. बेटावर "पोहायला गेला" हे सांगणं सोपं होतं, तिथे पियुषला रोज पाण्यात बघितलेलं. तीच गोष्ट पारोळ्यात सांगितली असती तर मंदाबाई पहिल्या वाक्याला म्हणाल्या असत्या, मना पोऱ्या पानीमा जावाव नही. म्हणून घरासाठी दुसरी गोष्ट लागली, ज्यात पियुष पाण्यात जात नाही, पाणीच त्याच्याकडे येतं. पंडितने बसल्या जागी डुमसचा समुद्र उचलला आणि लिथाराला नेऊन ठेवला. बिचाऱ्याने दुसरा समुद्र कधी नीट पाहिलाच नव्हता. बेटावर गेला तरी तो ठेचाच वाटत बसला असावा. आणि दोन्ही गोष्टी कधी समोरासमोर येणार नव्हत्या, कारण झैदशी कुणी बोलणारच नव्हतं. तशी तजवीज संशयाने केली होती.

राहिला पासपोर्ट. बुडालेल्या माणसाला पासपोर्ट लागत नाही. पुढे जाणाऱ्याला लागतो.

रविवारी संध्याकाळी पोचले तेव्हा कानबाई बसली होती, दिव्यांच्या उजेडात बायका गाणी म्हणत होत्या. मी भूमिकाला परसात नेलं आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही. हातातल्या बांगड्या फिरवत राहिली.

"मामी," ती शेवटी म्हणाली, "माय घरात आहे तोवर नको. तिला नीट पोचवू. मंगळवारी सगळे असतील. तेव्हा बोल."

६

मंगळवारी सकाळी अंगणात भाऊबंद जमले. भटजींनी पळसाची पानं दोऱ्याने बांधून पुतळा पुरा केला होता. मंदाबाईंना घेरून बायका रडत होत्या. भूमिका हिरव्या साडीत एका कडेला उभी होती, आणि बांगड्या फोडायला आलेली म्हातारी तिचा हात धरायला पुढे सरकली.

"थांबा," मी म्हणाले. "मला पंडितला एक विचारायचंय. पियुष पोहायला गेला होता की खडकावर बसला होता?"

पंडितचा चेहरा उतरला. "बठेल व्हता. सांगं ना मनं."

"ग्रीसच्या पोलिसांना तू पोहायला गेला म्हणून सांगितलंस. झैदलाही तेच. घरी येईपर्यंत तो पाण्यातून उठून खडकावर बसला?" मी थांबले नाही. खिडकीतही मी थांबायची नाही. "बसला होता तर डुमससारखी भरती त्याला घेऊन गेली. पण त्या किनाऱ्याला तशी भरती येतच नाही. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतचं पाणी मी डोळ्यांनी बघून आले, ते पायरी सोडत नाही. पोहायला गेला म्हणावं, तर कमरेला पासपोर्ट बांधून कोण पोहतं? कुठलीही गोष्ट घे, पंडित, ती बुडते. पियुष तेवढा बुडत नाही."

रडणं थांबलं. रुपचंद मुलाकडे बघू लागले. पंडित ताकास तूर लागू देत नव्हता, तो लोटननानांकडे बघत होता. म्हातारे नाना काठीवर हात ठेवून खुर्चीत बसले होते. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे, पण तोंड बरोबर माझ्या दिशेला होतं.

"कोना सांगावरथून बोली ऱ्हायन्यात?" ते म्हणाले. "त्या झैदना?"

"नाही नाना. मंदाताईंच्या सांगण्यावरून." मी त्यांच्याकडे वळले. "तुम्ही साऱ्या गावाशी खोटं बोललात. पण गहू घेताना मुलाचा वाटा काढलातच. तिथे तुमच्याच्याने खोटेपणा झाला नाही."

मंदाबाईंनी पदर तोंडात कोंबला. मग तो आपोआपच गळून पडला.

"मायसमोर कशी बोलू खोटं?" त्या ओरडल्या. "जित्ता शे! मना पोऱ्या जित्ता शे! त्याना वाटा काढा नसता तं माय त्याले खरंच लई जाती!"

मग सगळं बाहेर आलं, पंडितकडून, तुकड्यातुकड्यांनी. पियुषला परत यायचंच नव्हतं. तिथल्या एका बाईबरोबर त्याचं जमलं होतं. दोघा भावांनी मिळून बुडण्याचा बेत केला आणि पियुष पहाटेच्या बोटीने पलीकडे निघून गेला. आषाढात त्याला राहवेना, त्याने आईला फोन केला. म्हणाला, भूमिकाला खरं सांगा, तिला मोकळं करा.

"आणि तुम्ही नाही सांगितलंत," भूमिका म्हणाली. त्या सकाळचे हे तिचे पहिले शब्द. "आषाढापासून मी तुमच्या पायांना तेल लावत होते, आई. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायच्या, तू आमची लेक."

"तिले इचारू नको. मी नही म्हनं," लोटननाना म्हणाले. आवाज खणखणीत होता, लाज नव्हती त्यात, भीती होती. "मना डोया गयात. हिना गुडघा गयात. पोऱ्या तं गयाच. टाकेल बाई मायेरले निंघी जास, लताबाई. रांडाव बाई घर धरी राहास. आम्ले कोन दखी, सांगा. कोन दखी?"

टाकलेली सून माहेरी निघून जाते, विधवा सासर धरून राहते, हा त्यांचा हिशेब. मला वाटतं, अंगणातल्या पुष्कळांना त्यात काही चुकीचं वाटलं नसावं, आणि त्याचीच मला चीड आली. मी बोलायला तोंड उघडलं, पण भूमिकाने हाताने मला थांबवलं.

"आई, फोन द्या," ती म्हणाली.

मंदाबाईंनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून दिला. भूमिकाने पंडितसमोर धरला, त्याने खाली मान घालून नंबर दाखवला. तिने तो लावला आणि आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. पळसाच्या पुतळ्याशी बसलेले भटजी हातातला दोरा खाली ठेवून मागे सरकले.

"हा आई, बोल," पियुष म्हणाला.

तो तोच आवाज होता, झोपेतून उठल्यासारखा. बायकांतून कुणीतरी किंचाळलं आणि दुसरी मोठ्याने रडू लागली. भूमिकाने डोळे मिटले. तिला त्याच्याशी केवढं बोलायचं असेल ते मला माहीत आहे, तीन महिन्यांच्या रात्री तिने ते साठवलं होतं. ती एक शब्दही बोलली नाही. पुढे जाऊन तिने फोन लोटननानांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं त्याच्यावर नीट मिटली.

"तुम्हाला कोण बघणार, ते ह्याला विचारा, नाना," ती म्हणाली. "तुमचा मुलगा आहे. जिवंत आहे."

मग ती पंडितपाशी थांबली. "भाऊ, आज तुम्ही धुळ्याला यायचं. झैदच्या दारात, गल्लीत उभं राहून सांगायचं. मोठ्याने." पंडितने मान हलवली. ती आत गेली, पिशवी घेऊन आली आणि दाराशी चपला घालू लागली. मी तिच्याशेजारी उभी राहिले. मंदाबाईंनी तिच्याकडे हात लांबवला होता, तो तसाच राहिला.

अंगणात बायकांचा गलका चालूच होता, आणि फोन लोटननानांच्या हातात होता.

"नाना?" पियुष विचारत होता. "नाना, इतल्या बाया कसाले रडी ऱ्हायन्यात? बोला ना. आपला घरमा कोन मरनं?"